शेखरनं पैसे काहून बंद केले

११ मार्च २०२५, मंगळवार

फॉर्ममध्ये रकाना होता — वडिलांचा व्यवसाय. देवश्रीनं पेन थांबवला. म्हणाली, "मम्मी, ये क्या करते हैं?"

जसं काही मला माहीत आहे! मी म्हटलं, लिही खाजगी नोकरी. तिनं लिहिलं. पुढचा रकाना वार्षिक उत्पन्नाचा. तिथे मी म्हटलं शून्य लिही. पोट्टी हसायला लागली. मग फॉर्म बाजूला सारून तिनं सरळ विचारलं, हिंदीतच. मराठी तिला सारी समजते, पण तोंडातून हिंदीच निघते. कोर्टानं तर माझ्यासाठी महिन्याचे पैसे बांधून दिले होते ना? एकच महिना आले ना? मग त्यांनी बंद काहून केले?

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की उत्तरच नाही. घटस्फोटाला अकरा वर्षं होत आली. "शेखरनं पैसे बंद केले" हे वाक्य मी हजारदा म्हटलं असेल, शेजारी, ऑफिसात, मावशीच्या घरी. त्याच्या पुढे "काहून" कधी लावलंच नाही. आणि म्हणायला लायब्रेरियन! दिवसभर दुसऱ्यांना हवं ते शोधून देते.

देवश्री सतरा वर्षांची आहे. तिला नागपूरला फिजिओथेरपी शिकायची आहे. ९ ऑक्टोबरला अठरा पूर्ण होतील आणि कोर्टाचा हुकूम तिथेच संपेल.

१२ मार्च

पोळ्या लाटता लाटता विचार करून राहिली होती. दुसरं लग्न केलं असेल. नोकरी गेली असेल. मेला असेल? नाही, मेला असता तर रमाताईनं कळवलं असतं. विसरला? छे! तो माणूस विसरणारा नाही. लग्नाआधी आम्ही एकदा भिलाईला सिनेमा पाहायला गेलो होतो, त्या बसची तिकिटं सुद्धा त्यानं चार वर्षं जपून ठेवली होती. पोळी करपली.

१८ मार्च, मंगळवार

वकील पाहिली. निवेदिता मॅडम. वय असेल पस्तीस, टेबलावर फायलींचा ढीग आणि त्यावर पाण्याची बाटली. मला वाटलं होतं म्हणेल की इतकी वर्षं झोपल्या होत्या काय. तसं काही म्हणाली नाही. जुना हुकूम वाचला, तारीख पाहिली, बोटावर वर्षं मोजली आणि म्हणाली, "बारा साल पूरे नहीं हुए. वसूली लगेगी. पता दीजिए."

पत्ताच तर नाही! मी इथल्याच, रायपुरातल्या बूढ़ापाऱ्यातला त्याच्या घरचा जुना पत्ता दिला. ती म्हणाली, आधी तिथे नोटीस पाठवून बघू.

वकालतनाम्यावर मी सही केली, खाली तारीख टाकली, तारखेखाली दोन रेघा मारल्या. मॅडम हसली. ये दो लाइन किसलिए? मी सांगितलं की लायब्ररीची सवय आहे. नवं पुस्तक रजिस्टरात चढलं की सही, तारीख, दोन रेघा, म्हणजे त्याखाली कोणी काही घुसडू नये. देवश्री तर माझी नक्कल करून दाखवते. कुरिअरवाला मोबाईलवर बोटानं सही करायला सांगतो, तिथे पण मी दोन रेघा ओढते म्हणे.

घरी येऊन नानांना सांगितलं. माझे वडील. वय एकोणऐंशी, रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झालेले. आई गेल्यापासून सकाळची भाजी निवडायचं काम त्यांच्याकडे आहे, आणि ते काम ते अगदी नोकरीसारखं करतात. मान वर न करता म्हणाले, "काहून मागं लागली त्याच्या? गेलं ते गेलं."

मी म्हटलं, मला फक्त कळून घ्यायचं आहे. खरं तर पैसेही पाहिजेत. पण कळून घ्यायचं जास्त आहे, हे मलाच आज कळलं.

४ एप्रिल

नोटीस परत आली. "इस पते पर नहीं रहते." मॅडमनं फोनवर वाचून दाखवलं.

नाही राहत तर मग राहतो कुठे? पुणे? दुबई? नवऱ्याचा पत्ता माहीत नसणं ठीक आहे. पण देवश्रीच्या बापाचा पत्ता मला माहीत नाही ही गोष्ट आज विचित्र वाटली. कालपर्यंत वाटत नव्हती.

१३ एप्रिल, रविवार

बूढ़ापाऱ्यात गेली. स्वतःच्या पायानं! अकरा वर्षांत तलावाकडची ती गल्ली मी टाळत होती, स्कूटी लांबून फिरवून नेत होती. घराला रंग दिला आहे, बाकी तसंच आहे.

रमाताई — शेखरची मोठी बहीण, माझी एकेकाळची नणंद — गच्चीवर कुरड्या वाळत घालून राहिली होती. मला पाहून साडीचा पदर सारखा केला. मी चप्पल काढली आणि बाजूला बसून कुरड्या उलटायला लागली. हाताला काम असलं की बोलता येते. दोन ओळी झाल्यावर मी विचारलं, शेखर कुठे असतो?

तिनं आणखी दोन कुरड्या उलटल्या. मग म्हणाली, "अभनपुरात."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. अभनपूर! इथून तासाभराचा रस्ता. दर शनिवारी आमच्या कॉलेजचा अर्धा स्टाफ तिथून येतो-जातो! मी ज्याला पुण्यात, दुबईत, कधी कधी तर वर पाठवून बसली होती तो माणूस अभनपुरात बी-बियाण्याचं दुकान चालवून राहिला होता. दहा वर्षांपासून.

मी विचारलं, पैसे काहून बंद केले त्यानं? तुम्हाला तरी सांगितलं असेल. रमाताई म्हणाली की एकदा विचारलं होतं, तर त्यानं जेवणाचं ताट सरकवलं आणि उठून गेला. तेव्हापासून विचारलं नाही. निघताना मला कुरड्या बांधून देऊ लागली. नाही म्हटलं. मग घेतल्या.

१४ एप्रिल

देवश्रीला सांगितलं. ती म्हणाली, "अभनपुर? बस?" एवढंच. मग मोबाईल काढून नकाशात अंतर बघत बसली.

२६ एप्रिल, शनिवार

अभनपूरची नोटीस परत आली. या वेळी पाकिटावर डाकवाल्यानं लिहिलं आहे, "लेने से इंकार."

डोकं फिरलं माझं. म्हणजे दुकानात बसला होता, पाकीट हातात आलं, नाव वाचलं, आणि परत! उघडून बघावंसं पण वाटलं नाही? आत काय आहे, कोणी काय लिहिलं आहे, पोट्टी मेली का जिवंत आहे? असा कसा माणूस असतो? मला तर बंद पाकीट पाहिलं की हात शिवशिवतात, दुसऱ्याचं असलं तरी.

मॅडमला काही नवल वाटलं नाही. म्हणाली की अर्ध्या छत्तीसगढला असंच वाटते, नोटीस हातात घेतली नाही तर केस लागत नाही. कायद्यात उलट आहे. घ्यायला नकार दिला म्हणजे मिळालीच असं धरतात.

हे ऐकून मला हसू आलं. कारण हाच नियम आमच्या घरी होता. घटस्फोटाच्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर शेखर म्हणाला होता की पोट्टीला मी घेऊन जाईन एक दिवस. वर्षभर मी त्या भीतीत होती. तेव्हा नानांनी हुकूम काढला होता, त्याच्याकडून रजिस्टरी आली तर घ्यायची नाही. घेतली की ताब्याची केस लागली समज. पार्सल ऑफिसातल्या कोण्या बाबूनं त्यांना हे शिकवलं होतं. एखादी नोटीस माझ्या हातूनही परत गेल्याचं अंधुक आठवते. पण ते वेगळं होतं. तेव्हा माझी पोट्टी जाणार होती. याचं काय जाणार होतं?

परत आलेलं पाकीट नानांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, पाकीट उलटसुलट केलं, शेरा वाचला. मग माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं काय झालं? काही नाही म्हणाले, आणि पाकीट टेबलावर ठेवलं.

२७ एप्रिल

बाजारात बोहार भाजी आली, भोकराच्या कळ्यांची. महाग आहे, तरी नानांसाठी आणली. त्यांचा जीव आहे तिच्यात. एकेक कळी खुडत दोन तास बसले.

३ मे, शनिवार

आज मी जे केलं ते कोणालाच सांगणार नाही. इथेच लिहिते.

अर्धी रजा टाकली आणि बसनं अभनपूरला गेली. तोंडाला ओढणी बांधलेली, फक्त डोळे उघडे. मे महिन्यात सारं रायपूर अशीच ओढणी बांधून फिरते, कोणाला काय संशय येणार! काही बोलायचं नव्हतं. फक्त पाहायचं होतं. चिडियाघरात जातात तसं.

दुकान बाजारातच आहे. समोर चहाची टपरी. तिथे बाकावर बसली आणि मग वर पाटी वाचली.

"देवश्री कृषी केंद्र."

दोनदा वाचली. हिरव्या रंगात, बाजूला धानाच्या लोंब्या काढलेल्या. दहा वर्षांत पोट्टीला एक पैसा नाही, वाढदिवसाला एक फोन नाही, आणि नाव पाटीवर! नाव लिहायला काय लागते? पेंटरचे पैसे. तेवढे होते वाटते त्याच्याजवळ.

टपरीवाली बोलकी निघाली. भीमाबाई नाव. मी नुसतं विचारलं की बियाणं कसं मिळते इथे, तर तिनं सेठची सारी कुंडली मांडली. एकटाच राहतो, दुकानामागच्या खोलीत. बायको-पोरं नाहीत. पावसाळ्यात उधारीवर बियाणं देतो. "बने मनखे हे," म्हणाली. चांगला माणूस आहे म्हणे! मी चहाचा पेला बाकावर ठेवला.

म्हणजे दुसरं लग्न नाही. नोकरी सोडली असेल, पण उपाशी नाही. मग काहून?

त्याला नीट पाहिलं. पोट सुटलं आहे. चष्मा दोरीनं गळ्यात टांगलेला. एका शेतकऱ्याला बिल दिलं आणि त्याची दुसरी प्रत भिंतीवरच्या तारेत ओवली. तारेवर बिलांची हातभर जाड माळ झाली आहे. कागद न फेकण्याची सवय तशीच आहे. मग तोंड धुवायला बाहेर आला. सरळ माझ्याकडे बघून चूळ भरली आणि आत गेला. ओळखलं नाही.

वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उलट दुसरा चहा मागवला. खरं सांगते, मला मजा येऊन राहिली होती, आणि याची लाज आत्ता लिहिताना वाटून राहिली आहे.

पाटीचं देवश्रीला सांगितलं नाही. काय सांगू? तुझ्या नावानं खत विकतात?

१० मे

देवश्रीला बारावीत ब्याऐंशी टक्के! नाना पेढे आणायला स्वतः तात्यापाऱ्याच्या चौकात गेले, एवढ्या उन्हात. आल्यावर म्हणाले की नागपूरला ॲडमिशनसाठी मी येणार, पासवर माझं बर्थ निघते. तीस वर्षं रेल्वेत घालवली, नातीला पोचवायला पास कामी येईल.

१६ जून, सोमवार

अर्ज कोर्टात लागला. मॅडमनं सारी रक्कम एका कागदावर मांडून दाखवली. महिन्याचे तीन हजार. तेव्हा खूप वाटायचे, आता पोट्टीच्या होस्टेलचं जेवण पण निघत नाही. पण अकरा वर्षांचे एकत्र म्हणजे तिची जवळजवळ सारी फी. मी आकडा एकदा वाचला आणि कागद परत दिला.

मॅडम म्हणाली, कोर्टाचा समन्स पण तो परत करेल बहुतेक. केला तरी चालेल. मी म्हटलं, मॅडम, तो आला पाहिजे. त्याला विचारल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

१७ जुलै, गुरुवार

आला.

पांढरा शर्ट, इस्त्री केलेला. त्याच्याबरोबर एक म्हातारा वकील. आमचा नंबर साडेबारा वाजता लागला आणि दोन मिनिटांत तारीख मिळाली. बाहेर व्हरांड्यात तो पाण्याच्या टाकीजवळ एकटा उभा होता. मॅडम नाही नाही करत होती, पण मी गेली. किती दिवसांपासून मनात वाक्यं जुळवून ठेवली होती. सारी पळाली. एकच राहिलं.

"पैसे काहून बंद केले तू?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं जसं काही मीच वेड्यासारखी बोलून राहिली आहे. म्हणाला, "पाठवले होते मी. अकरा महिने चेक पाठवले, रजिस्टरीनं. सारे परत आले."

मी उभीच. मागून कोणी तरी बाजूला व्हा म्हणालं, तेव्हा सरकली. मग तोंडून निघालं, "आणि बारावा?"

त्यानं पाण्याचा पेला टाकीवर ठेवला. त्याचा वकील बोलवायला आला आणि तो गेला.

बारावा पाठवला नाही, हे त्याला सांगता आलं नाही. पण अकरा पाठवले, हे तो खोटं बोलत नव्हता. त्याचं खोटं मला ओळखता येते. खोटं बोलताना तो फार समजावून सांगतो. आज त्यानं काहीच समजावलं नाही.

रजिस्टरी. परत. स्कूटीवर बसेपर्यंत माझ्या डोक्यात गोष्ट लागली. मी तेव्हा नोकरीला नवीन होती, दहा ते सहा लायब्ररीत. डाक दुपारी येते. दुपारी घरी कोण असायचं?

१८ जुलै, शुक्रवार

काल विचारलं नाही. आज सकाळी विचारलं. नाना लाल भाजी निवडून राहिले होते, मांडीवर पेपर पसरून. मी समोर उभी राहिली. शेखर म्हणतो अकरा चेक पाठवले, रजिस्टरीनं. तुमचा नियम होता रजिस्टरी न घेण्याचा. तुम्ही परत केले?

ते थांबले. हातातली काडी खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलं — तसंच, एप्रिलमध्ये पाहिलं होतं तसं. मग म्हणाले, "हव. मीच परत केले."

त्यानंतर मी जे बोलली ते सारं लिहिणार नाही. तुमच्या भीतीपायी माझी पोट्टी अकरा वर्षं बिन बापाची राहिली, हे बोलली. तिचे लहानपणचे ट्यूशनचे पैसे मी कुठून कुठून काढले ते बोलली. तुम्ही मला एकदा तरी सांगायचं होतं, हे तीनदा बोलली. आई असती तर तिनं असं होऊ दिलं नसतं — हे पण. हे बोलायला नको होतं.

त्यांनी भाजीची टोपली उचलून ओट्यावर ठेवली आणि आपल्या खोलीत गेले. भाजी अर्धीच निवडलेली होती. मी तशीच शिजवली. काड्यांसकट.

१९ जुलै

देवश्रीला सांगितलं. ती नानांची जास्त लाडकी, तिला जास्त लागलं. "नाना ने क्यों किया ऐसा?" मला विचारते. मी म्हटलं त्यांनाच विचार. विचारलं नाही. जेवायला त्यांच्या बाजूची खुर्ची सोडून बसली.

मला उत्तर मिळालं. चार महिने ज्याच्या मागे होती ते उत्तर. पेढे वाटायला पाहिजे होते.

२४ जुलै

नाना आमचं जेवण झाल्यावर जेवतात आता. भाजी निवडून ठेवतात, ओट्यावर झाकून. बोलणं नाही.

शेखरचा लेखी जबाब कोर्टात आला. मॅडमनं वाचून दाखवला. अकरा चेक, रजिस्टर्ड पोस्टानं, सारे "घेण्यास नकार" म्हणून परत. मूळ पाकिटं पुढच्या तारखेला हजर करू. मूळ पाकिटं! अकरा वर्षं त्यानं ती सांभाळून ठेवली. त्या तारेसारखीच कुठेतरी ओवली असतील. मॅडम म्हणाली, त्याचा मुद्दा फार तर अकरा महिन्यांपुरता चालेल. पुढच्या दहा वर्षांचं काय, याचं त्याच्याजवळ उत्तर नाही. पाकीट परत आलं तर पैसे कोर्टात भरता येत होते.

मलाही तेच वाटते. अकरा वेळा परत आलं म्हणून पोट्टी काही जेवायची थांबत नाही. त्याच्यावरचा राग कमी झालेला नाही. फक्त आता दोघांवर आहे.

२ ऑगस्ट, शनिवार

नागपूर. देवश्रीला सीट मिळाली! पहिला हप्ता कॉलेजच्या पतसंस्थेचं कर्ज काढून भरला. ती होस्टेलची खोली बघून आली, खिडकीतून संत्र्याचं झाड दिसते म्हणाली. लिंबाचं आहे. मी काही म्हटलं नाही.

नाना आले नाहीत. खरं लिहिते, मी येऊ दिलं नाही. सकाळी निघताना त्यांची कापडी पिशवी दाराजवळ भरून ठेवलेली होती, वर पास आणि पाण्याची बाटली. नवा सदरा घालून बसले होते. मी म्हटलं, आम्ही दोघी जाऊन येतो. त्यांनी मान हलवली. आम्ही जिना उतरत होतो तेव्हा मागून पिशवी उचलल्याचा आवाज आला.

देवश्रीनं गाडीत विचारलं, नाना का टिकट वेस्ट हो गया ना? मी म्हटलं हो.

११ ऑगस्ट

पोट्टी होस्टेलला गेली. घरात आता मी आणि नाना, आणि टीव्ही. टीव्ही जास्त बोलतो.

आज ओट्यावर निवडलेली भाजी पाहून विचार आला. नाना एकही काडी सोडत नाहीत, कीड लागलेलं पान वेगळं काढतात, वाया काही जाऊ देत नाहीत. पार्सल ऑफिसात तीस वर्षांत त्यांच्या हातून एक पार्सल गहाळ झालं नाही, हे ते आल्या-गेल्याला सांगतात. असा माणूस अकरा पाकिटं न पाहता कशी परत करेल? डाकवाल्याला विचारणार नाही, आत काय आहे? उजेडात धरून बघणार नाही? मलाही सांगणार नाही?

भीती माणसाला काहीही करायला लावते. असेल.

२० ऑगस्ट

उद्या तारीख. ती पाकिटं पाहायची आहेत. नानांची सही कशी दिसते ते बघायचं आहे. ते इंग्रजीत करतात, मोठा एस. उगाच उत्सुकता.

२१ ऑगस्ट, गुरुवार

शेखरनं दुकानाच्या पिशवीतून पाकिटं काढली. अकरा, सुतळीनं बांधलेली. मॅडमनं एकेक माझ्यासमोर ठेवलं.

पत्ता घरचा नाही. कॉलेजच्या लायब्ररीचा आहे. प्रत्येक पाकिटावर "घेण्यास नकार", माझ्या अक्षरात. खाली माझी सही. सहीखाली तारीख. तारखेखाली दोन रेघा.

आता आठवते. डाकवाला काउंटरवर यायचा, मासिकांच्या गठ्ठ्यात ते पाकीट असायचं. मी पाठवणाऱ्याचं नाव वाचायची, पाकीट न उघडता नकार लिहायची, आणि पुढचं मासिक रजिस्टरात चढवायची. एखादी नाही. अकरा.

नानांनी यातलं एकही पाकीट कधी पाहिलं नव्हतं. तरी "हव" म्हणाले.